प्रतीकाला संवाद नसतात

मला मार्गदर्शक व्हायचं नव्हतं. तो शब्द ऐकला की मला दहावीच्या गाइडाचं पिवळं कव्हर आठवतं. पण शहरातल्या एका ट्रस्टला दिव्यांग तरुणांना कलाक्षेत्रात करिअर करून द्यायची हुक्की आली होती, आणि शिकवणारे कलाकारही त्यांना दिव्यांगच हवे होते. म्हणजे फोटोत सगळं जुळून दिसतं. लहानपणच्या पोलिओमुळं माझ्या डाव्या पायाला कॅलिपर असतं, काखेत कुबडी असते, आणि कॉलेजात मराठी शिकवता शिकवता मी निवृत्तीपर्यंत हौशी नाटकांत आणि रेडिओच्या श्रुतिकांत कामं केली. एवढ्या मोठ्या शहरातल्या नाटकवाल्यांत या दोन्ही अटींत बसणारी मीच निघाले.

माझ्या रंगभूमीवरच्या कारकिर्दीचं सार असं की मी बसलेली असे. आजारी आत्या, दम्याची सासू, कुठल्याशा जमीनदाराची विधवा आई. पडदा उघडायच्या आधी मला खुर्चीत नेऊन बसवायचे आणि पडला की उठवायचे. एका नाटकात मी पहिल्याच अंकात मेले, तर दुसऱ्या अंकभर भिंतीवर माझा हार घातलेला फोटो होता; त्या फोटोचंही कौतुक झालं. दिग्दर्शक म्हणायचे, तुमचा आवाज काय आहे हो! आवाजाला चालावं लागत नाही, त्याला कॅलिपर लागत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं असे.

ट्रस्टची पहिली बैठक जालना रोडवरच्या एका हॉटेलात होती. सचिव म्हणून जे गृहस्थ होते त्यांचा शर्ट पांढरा शुभ्र, खिशावर ट्रस्टचा बिल्ला, आणि ‘दिव्यांग’ हा शब्द आला की आवाज खाली जायचा, कुणाच्या तरी घरी मयत झाल्याचं सांगावं तसा. त्यांनी आम्हा सगळ्यांना आधी सांगितलं की आमच्याकडं बघून त्यांना प्रेरणा मिळते. मग चहा दिला. मी बाथरूमची चौकशी केली, तर तिथं जायला उंच पायऱ्या.

“काळजी नको ताई,” सचिव म्हणाले, “आमची मुलं उचलून नेतील की.”

सार्वजनिक ठिकाणी चहा पिणं मी कॉलेजात असतानाच सोडलंय, त्यामुळं मुलांवर ती वेळ आली नाही. तरी मी त्या योजनेला हो म्हटलं. एक तर निवृत्तीनंतर दिवसभर घरात बसून मला शेजाऱ्यांच्या आवाजांची नक्कल करायची सवय लागत चालली होती. दुसरं म्हणजे मी नाही म्हटलं असतं तर या लोकांनी असं कुणीतरी शोधलं असतं, ज्यानं त्या पोरांना हात जोडून गोड हसायला शिकवलं असतं.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी एका उन्हाळी दुपारी उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी आली. चिकलठाण्याहून एकटीच, शेअर रिक्षा बदलत. वय बावीस. उंची म्हणाल तर माझ्या जेवणाच्या टेबलाच्या वर तिचं डोकं आणि खांदे दिसत होते, बाकीचं खाली. तिनं खुर्ची ओढली, तिच्यावर गुडघा टेकून चढली, आणि बसल्यावर पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. तिच्या वरच्या ओठावर लालभडक चट्टा होता.

“ओठाला काय झालं?”

“मिशीचा गोंद, मॅडम.”

मग तिनं सांगितलं. जालना रोडला आणि बायपासला लग्नाची लॉन आहेत, तिथं गेटवर ती उभी राहायची. डोक्यावर फेटा, अंगात जरीचा कोट, ओठावर चिकटवलेली मिशी. येणाऱ्या पाहुण्यांना वाकून मुजरा करायचा, गुलाबपाणी शिंपडायचं. पाहुणे हसायचे, फोटो काढायचे, पोरं मिशी ओढायची. आई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला, वडील नाहीत. लग्नसराईत गेटवरचं काम बरं चालायचं.

“पण मिशी कशाला?” मी विचारलं.

“बाई दिसली की लोक लाजतेत. कुणी कुणी तर हळहळतेत. माणूस दिसला की हसतेत. इव्हेंटवाल्याला हसलेलं पाहिजे.”

मी अशा लग्नांना गेलेले आहे. पोटच्या पोरीच्या लग्नात स्वतःला हसू येत नाही म्हणून गेटवर हसायला एक माणूस भाड्यानं उभा करणारे हे लोक. आत जेवणाला चौदा प्रकार, आणि गेटवरच्या त्या माणसाला रात्री पंगत उठल्यावर उरलेला मठ्ठा. मी तिला म्हटलं, “मग नाटकात काय करायचंय तुला?”

“बाकीचे करतेत तेच. भांडण. लग्न. कोर्टात उभं राहून खोटं बोलायचं. फकस्त जोकर नाय.”

आवाज तिच्याकडं होता. डीजेच्या वरताण ‘या, या, पाहुणे’ ओरडून तो कमावला गेला होता. जरा घासलेला, पण भरलेला. श्वास कुठं घ्यायचा ते कळत नव्हतं, ‘ण’ आणि ‘न’ची गल्लत व्हायची. ते दुरुस्त होण्यासारखं होतं. खरी अडचण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लक्षात आली. मी तिच्यासाठी एक स्वगत लिहिलं होतं: खेड्यातली एक शिक्षिका बदलीचा अर्ज घेऊन साहेबापुढं उभी आहे आणि साहेब मान वर करून बघत नाही. ती वाचायला लागली की दर दोन वाक्यांनी थांबायची. थांबायची आणि हनुवटी किंचित वर करायची. मी आधी समजले, श्वास घेतेय.

“का थांबलीस?”

“हसतेत ना लोक इथं.”

“इथं हसण्यासारखं काय आहे? तिचा नवरा आजारी आहे असं ती सांगतेय.”

“मी हाय ना,” ती म्हणाली.

तिनं ते फार साधेपणानं सांगितलं, जसं आपण सांगतो की इथं दार आहे. मला मात्र राग आला, आणि तो तिच्यावरच काढला. म्हटलं, गेटवर उभं राहून तुला हशाची भीक मागायची सवय लागलीय. ती खुर्चीवरून उतरली.

“मागत नाय मी. ते येतंच. यायच्या आधी जरा सरकून उभं राहावं लागतं, नायतर अंगावर येतं. तुमच्या अंगावर कधी आलंय का?”

“माझ्या अंगावर दया येते,” मी म्हटलं. “तिला सरकूनही उपयोग होत नाही.”

त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आमच्याकडं आठवड्यातून एकदा येतं ते. आलं की जगबुडी झाली तरी बादल्या भरायच्या असतात. भांडण तिथंच राहिलं. ती बादल्या नळाखाली सरकवत होती, मी कुबडीवर रेलून नळ बंद-चालू करत होते, आणि पाणी भरता भरता ती ते स्वगत म्हणत होती. हात कामात असले की ती थांबत नव्हती. मग आम्ही बरेच दिवस तसंच केलं. ती गवार निवडायची, कपडे वाळत घालायची, माझ्या पुस्तकांच्या खालच्या फळ्या पुसायची, आणि साहेबापुढं उभ्या त्या शिक्षिकेचं बोलणं बोलायची. मोलकरणीची बचत होते म्हणून मी हे करते, असं शेजारणीनं गल्लीभर केलं. त्या बाईच्या कल्पनाशक्तीची झेप तेवढीच.

तिचंही माझ्याबद्दल मत होतं. “मॅडम, तुम्ही रेडिओसारखं बोलता. माणूस असं बोलत नाय.” मी तिला सांगितलं की माणसं फार वाईट बोलतात, म्हणूनच नाटकं लिहावी लागतात. तिला पटलं नाही. आजही पटलेलं नाही.

थंडीत ट्रस्टचा वार्षिक सोहळा आला. सचिवांचा फोन आधी आला.

“ताई, तिला जरा विनोदी बसवा ना काहीतरी. ती आली की वातावरण कसं हलकं होतं.”

“ती शिक्षिकेचं स्वगत करणार आहे.”

“गंभीर?”

“हो.”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “बरं, पण तीन मिनिटांत आटपू द्या. प्रमुख पाहुण्यांना विमान आहे.”

प्रमुख पाहुणे बांधकाम व्यवसायातले होते. शहराच्या चारी बाजूंना इमारती बांधणाऱ्या या माणसानं आयुष्यात पायऱ्यांशेजारी एकही उतार बांधला नसावा. त्यांच्या एका इमारतीत माझे डोळ्यांचे डॉक्टर आहेत म्हणून मला माहीत. दिव्यांगांच्या सोहळ्यासाठी निवडलेल्या त्या सभागृहातही स्टेजवर जायला नुसत्या पायऱ्या होत्या. व्हीलचेअरवरच्या एका चित्रकार मुलाला चौघांनी खुर्चीसकट वर नेलं, तर टाळ्या पडल्या. कुणाला पडल्या, तर उचलणाऱ्यांना. पहिल्या रांगेतल्या बायका कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासून रुमाल हातात घेऊन बसल्या होत्या. रडायचं ठरवून आलेल्या माणसांपुढं कुठलीच कला चालत नाही, फक्त रुमाल ओला होतो.

ती आली. साधा निळा कुर्ता, खांद्याला शबनम पिशवी, हातात घडी घातलेला अर्ज. ती दिसताच हशा आला. वाईट हेतूचा नव्हे, लाडाचा. लाडाचा जास्त वाईट. ती थांबली नाही. पहिलं वाक्य तिनं त्या हशाच्या अंगावरच टाकलं, दुसरं त्याच्या पुढं नेलं, आणि हसणारे मागं राहिले. तीन मिनिटं झाली, पाच झाली. सचिव विंगेतून खुणा करत होते. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती ज्या साहेबापुढं उभी होती त्याच्याकडंच बघत होती. सभागृह गप्प झालं. भारावून गप्प झालं असं मी म्हणणार नाही. तिकीट दुसऱ्याच सिनेमाचं काढलं होतं अशा चेहऱ्यानं लोक बसले होते. रुमाल मांडीवर कोरडे पडले.

नंतर सन्मानचिन्ह द्यायला प्रमुख पाहुणे वर गेले. चिन्ह काचेचं, जवळजवळ तिच्या निम्म्या उंचीचं. फोटोवाला ओरडला, “साहेब, फ्रेममध्ये येत नाय दोघं!” साहेब वाकून बघत राहिले, मग एकदम त्यांना सुचलं. त्यांनी तिला काखेत हात घालून उचललं आणि कडेवर घेतलं. तीन वर्षांच्या पोराला घेतात तसं. दुसऱ्या हातात ते काचेचं चिन्ह.

सभागृह ‘ओऽऽ’ करून टाळ्या वाजवायला लागलं.

मी पहिल्या रांगेत होते. माझी कुबडी खुर्चीखाली घसरली होती, आणि ती सापडली असती तरी पुढं पायऱ्याच होत्या. निवेदिकेनं कौतुकानं माइक तिच्या तोंडापुढं धरला.

“साहेब, मला खाली ठेवा,” ती म्हणाली.

मोठ्ठा हशा. साहेबही हसले. “लाजली, लाजली!” ते फोटोवाल्याला म्हणाले.

तिनं आवाज चढवला नाही. हशा संपायची वाटही बघितली नाही. “मी लहान पोरगी नाय. मी तेवीस वर्षांची बाई हाय. तुम्ही मला न विचारता हात लावलाय. खाली ठेवा.”

आता हशा तुटला. सगळीकडून नाही, मागं काही जण हसतच होते, त्यांना ऐकू आलं नव्हतं बहुतेक. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला खाली ठेवायला त्यांना दोन हात लागणार होते, आणि एका हातात काच. ते तसेच उभे राहिले, ती कडेवर तशीच. शेवटी सचिव धावत आले, त्यांनी काच घेतली, मग तिचे पाय जमिनीला लागले. तिनं कुर्ता खाली ओढला, चप्पल नीट केली, आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरली. सगळं सभागृह बघत होतं. एवढ्या फोनांतून व्हिडिओ निघत होते. तो प्रसंग कुणीही कुठंही टाकला नाही.

बाहेर पार्किंगमध्ये सचिवांनी आम्हाला गाठलं. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

“साहेबांनी मुलीसारखं मानलं तिला, ताई! मुलीसारखं! आणि ही चारचौघांत...”

“त्यांची मुलगी केवढी हाय?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“केवढी हाय? कॉलेजात असंल ना? तिला स्टेजवर असं उचलतेत का?”

सचिव माझ्याकडं वळले. असल्या माणसांची एक लकब असते; उत्तर सुचलं नाही की ते जरा कमी अपंग दिसणाऱ्या माणसाशी बोलायला लागतात. मी म्हटलं, “तिनं विचारलंय, तिला सांगा.” ते गाडीत बसून गेले. दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या ग्रुपमधून आम्हा दोघींना काढून टाकलं, आणि मला गुलाबाच्या चित्रासकट एक मेसेज आला: आपल्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहोत.

नंतर काही दिवस ती आली नाही. आली तेव्हा आई बरोबर होती. आई उभीच राहिली, बस म्हटलं तरी बसेना. कंपनीतून परस्पर आलेली, केसांना जाळीची टोपी तशीच.

“मॅडम, तिला लई बोलायला शिकवू नका,” ती म्हणाली. “तुमचं बरं हाय, तुमची पेन्शन हाय. तिला उद्या पण गेटवर उभं राहायचंय. इव्हेंटवाला म्हणला, ती तोंडाळ झाली म्हणून ऐकायलो.”

या सगळ्या गोष्टीत ही एकच बाई अशी, जिच्याबद्दल मला वाईट बोलता येत नाही, आणि त्याचा मला त्रासच होतो. तिच्या बोलण्यात प्रेरणा नव्हती, कौतुक नव्हतं, दया नव्हती. पोरीचं पुढं काय, एवढंच होतं.

“आये, तू गप बस,” मुलगी म्हणाली, आणि माझ्याकडं वळून, “उद्या किती वाजता येऊ?”

ट्रस्ट सुटला म्हणून शिकवणी सुटली नाही. पण नुसत्या शिकवणीनं कुणी नट होत नाही. म्हणून मी तिला एका दिग्दर्शकाकडं नेलं. माझ्या ओळखीतला, विमा कंपनीत नोकरी, खादीचा कुर्ता, आणि वाक्य सुरू केलं की त्याचं क्रियापद येईपर्यंत ऐकणाऱ्याची दाढी वाढावी. राज्य नाट्यस्पर्धेसाठी तो एक दोन अंकी नाटक बसवत होता. बहीण-भावाचा शेताच्या वाटणीवरून चाललेला कोर्टातला खटला, असा विषय. तालमी चिकलठाण्याच्या जुन्या एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या शेडमध्ये.

तो तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. बैल विकत घेताना मारतात तशी.

“अप्रतिम,” तो म्हणाला. “मला हेच हवं होतं. दुसऱ्या अंकात एक स्वप्नदृश्य आहे. निळा प्रकाश, आणि आपल्या सगळ्यांच्या आतला जो खुजेपणा आहे ना, नात्यांमधला, समाजातला, तो एका आकृतीच्या रूपानं रंगमंचावरून...”

“मला संवाद काय हायेत?” तिनं विचारलं.

“संवाद?” तो दुखावल्यासारखा झाला. “ते प्रतीक आहे. प्रतीकाला संवाद नसतात.”

मी कुबडी उचलली आणि तिला म्हटलं, “चल.”

“मी करते,” ती दिग्दर्शकाला म्हणाली.

परतताना रिक्षात मी तिला वाट्टेल ते बोलले. साहेबांना खाली ठेवा म्हणालीस ते कशाला, असं विचारलं. इथंही तुला उचलूनच फिरवणार आहेत, फक्त निळ्या प्रकाशात. गेटवर निदान मिशी तरी होती, इथं तीही नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता; त्यानं आधी आम्हाला ‘किधर जाना है अम्मा’ विचारलं होतं, आता तो काही विचारत नव्हता.

“तुम्हाला खुर्चीत बसवलं तवा तुम्ही बसलाच ना?” ती म्हणाली.

“बसले. म्हणूनच सांगतेय.”

“बसला म्हणून तर तुम्हाला सगळं येतं. मला एकदा आत जाऊ द्या. बाहेरून मला काय कळणार?”

मी आजही म्हणते की ते प्रतीक हा घाण प्रकार होता. पण ती गेली. रोज संध्याकाळी, तिचं चिकलठाण्याचं घर तिथून जवळच. तिचं काम दीड मिनिटाचं, तर तालमी तीन-तीन तास. मोठ्या बहिणीचं काम करणारी बाई बँकेत होती आणि कायम उशिरा यायची. ती येईपर्यंत तिचे संवाद कुणीतरी वाचावे लागत. आधी दिग्दर्शक वाचायचा, त्याला आपल्याच आवाजाचा कंटाळा आला असावा, मग त्यानं वही हिच्या हातात दिली.

मी एकदाच बघायला गेले. शेडमध्ये पत्र्याचा तवा झालेला, दोन पंखे गरम हवा ढवळत होते. ती बहिणीच्या जागी उभी राहून बोलत होती, वही बाजूला पडलेली, सगळं पाठ. समोर भाऊ झालेला नट चांगला उंच. सुरुवातीला तो तिच्याकडं वाकून बोलत होता, शाळेतल्या पोराला समजावतात तसा, आणि सगळा प्रवेश हास्यास्पद दिसत होता. मग एका क्षणी, “आबांनी मला काय सांगितलं होतं ते तुला सांगू?” असं ती म्हणाली, तसा तो मागच्या खोक्यावर बसला. उभंच राहवेना त्याला. बसल्यावर दोघांचे डोळे एका रेषेत आले, आणि तिथून ते भांडण भांडणासारखं झालं. शेडच्या दारात चहावाला आला होता, तो किटली घेऊन तसाच उभा.

दिग्दर्शक टाळी वाजवून म्हणाला, “हे बसणं छान आहे! ठेवू या हे.” तेवढ्यात बँकेतली बाई आली. त्यानं तिला ते बसणं समजावलं, आणि हिला म्हणाला, “तू जा आता, निळ्या लाइटची वेळ होईल.”

स्पर्धेत निळा प्रकाश पडला, ती लांबलचक काळं कापड ओढत स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. प्रेक्षकांत एक पोरगं हसलं, त्याच्यामागं तीन-चार मोठी माणसं. ती चालत राहिली. नाटकाला प्रकाशयोजनेचं बक्षीस मिळालं. परीक्षकांना प्रतीकं कळत नाहीत, असं दिग्दर्शक बरेच दिवस भेटेल त्याला सांगत होता. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. म्हणूनच त्यांनी विजेच्या दिव्यांना बक्षीस दिलं.

पुढं त्या नाटकाचे बाहेरगावी प्रयोग ठरले आणि नेमकी बँकेतल्या बाईची नांदेडला बदली झाली. दिग्दर्शकानं फोन कुणाला करावा? मला.

“तिला जमेल का हो?”

“तिला विचारा ना.”

“जमेल हो, पाठ आहे तिला सगळं. पण प्रेक्षक स्वीकारतील का? ती मोठी बहीण आहे. मोठी.”

“तुमच्या घरी माणसं उंचीप्रमाणं जन्मतात का?” मी विचारलं.

दोन दिवस विचार करून त्यानं तिला घेतलं. विचार कसला, दुसरं कुणी मिळालं नव्हतं. निळं स्वप्नदृश्य काढून टाकावं लागलं, कारण प्रतीक व्हायला आता माणूस नव्हतं. नाटक तेवढ्यानंच सुधारलं.

पुढचं सांगायला फार नाही. बीड, अंबड, परभणी असे प्रयोग झाले. पुण्याहून आलेल्या एका नाटकमंडळीनं तिला बघितलं आणि त्यांच्या फिरत्या नाटकात घेतलं. त्यात ती एका सरकारी दवाखान्यातली नर्स आहे, आणि तिच्या उंचीबद्दल नाटकात कुणीही अक्षर काढत नाही. लॉनच्या गेटवर ती गेल्या लग्नसराईपासून उभी राहिलेली नाही. आई अजून कंपनीत जाते. पेपरात तिच्यावर लिहून आलं: ‘उंचीवर केली मात’. उंचीवर मात म्हणजे काय, ते लिहिणाऱ्यानं एकदा करून दाखवावं. दिग्दर्शक मुलाखतीत सांगतो की ही मुलगी मला एका शेडमध्ये सापडली. आणि ट्रस्टच्या नव्या पत्रकावर तिचा फोटो आहे, साहेबांच्या कडेवरचा. खाली ‘आमची यशोगाथा’. मी रागानं ते पत्रक तिला दाखवलं. तिनं बघितलं, परत दिलं.

“टाकू द्या. त्यांच्याकडं दुसरं काय हाय?”

परवा जालन्याला मोठ्या बहिणीच्या त्या कोर्टाच्या नाटकाचा प्रयोग होता. मी गेले होते, कडेच्या खुर्चीवर पाय लांब करून बसले. पहिल्या अंकात ती घाईत होती. प्रवासात ऊन लागलं असावं. दुसरा अंक तिनं ताब्यात घेतला. कोर्टात सरळ चेहऱ्यानं खोटं बोलते तो प्रवेश तर इतका नीट झाला की माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “लई बेरकी बाई हाय.” सार्वजनिक ठिकाणचा चहा सोडलेला असूनही मला त्यांच्याबरोबर चहा प्यावासा वाटला. पण शेवटचं वाक्य तिनं गिळलं.

प्रयोगानंतर मी मागं गेले. ती तोंडाला खोबरेल लावून रंग पुसत होती.

“शेवटचं वाक्य गिळलंस,” मी म्हटलं.

“मॅडम, आज नको.”

मंडळी जेवायला ढाब्यावर निघाली होती, तीही त्यांच्याबरोबर गेली. माझी कुणाशी ओळख करून दिली नाही, आणि जाता जाता टेम्पोवाल्यावर खेकसली की कोर्टाचा पिंजरा उलटा टाकू नका, मागच्या वेळी पाय मोडला होता त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

“कुठून गिळलं म्हणता?”

“‘मी परत येणार नाही’मधलं ‘नाही’.”

तिनं फोनवर ते वाक्य म्हणून दाखवलं. मागं कुकरची शिट्टी झाली, आई काहीतरी ओरडली. तरी मला ऐकू आलं. अजून गिळतच होती. मी म्हटलं, परत म्हण.